छातीवरचे चांदीचे देऊळ

लातूर, उदगीर, अहमदपूर, देगलूर या पट्ट्यातल्या जुन्या लिंगायत घरांमध्ये अजूनही इष्टलिंगाची, म्हणजे अंगावर धारण करायच्या छोट्या लिंगाची, चांदीची डबी जपलेली सापडते. कुणी तिला करडगी म्हणतात. चौकोनी बैठकीची असेल तर चौका. बाई असो की बाप्या, जंगमाकडून, म्हणजे लिंगायत गुरूकडून, मिळालेले इष्टलिंग प्रत्येकाचे स्वतःचे असते आणि ते अंगावरच राहते. ऐपत नसली तर कापडात बांधून, असली तर चांदीत.

बाराव्या शतकात बसवेश्वरांनी जिथून देह हेच देऊळ हा विचार मांडला ते कल्याण, म्हणजे बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण, इथून लांब नाही. 1956 पर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुकेही बीदर जिल्ह्यातच होते. असे मानणाऱ्यांच्या डबीला सोनाराने मात्र शिखर दिले, कळस दिला. मला यात विसंगती दिसत नाही. देवळापर्यंत जाण्याची गरज उरली नाही, म्हणून देऊळच छातीवर आले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेड्यातला सोनार बऱ्याचदा गिऱ्हाइकाने आणलेले रुपयेच आटवायचा. हा पट्टा तेव्हा निजामी मुलखात होता आणि तिथे दोन नाणी चालत, निजामाचा हाली आणि कलदार. ब्रिटिशांचा कलदार एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. हालीचा कस त्याहून कमी. नाण्याचा फरक मुशीत उतरे आणि पुढे दागिन्याच्या रंगात.

पत्रा ठोकून दोन पोकळ अर्ध्या वाट्या करायच्या, लाखेवर बसवून त्यावर वेलपत्ती उठवायची, टाकणखार लावून डाक द्यायचा. इतके कुठलाही चांगला सोनार करील. खरी कसोटी झाकणाची. दोन्ही बाजूंच्या कड्यांतून शिवदोरा, म्हणजे गळ्यात घालायचा दोरा, जातो आणि तोच झाकण धरून ठेवतो. पूजेच्या वेळी झाकण दोऱ्यावरून वर सरकते, लिंग डाव्या तळहातावर येते, पूजा झाली की पुन्हा आत. हे रोज, आयुष्यभर. सांधा सैल असेल तर धोका, घट्ट असेल तर रोजची झटापट. म्हणून जुनी डबी हातात आली की मी आधी नक्षी पाहत नाही, झाकणाची कड पाहतो. ती बोटांनी गुळगुळीत झालेली असते.

माणूस गेला की त्याला बसवून, इष्टलिंग तळहातावर देऊन समाधी देतात. लिंग वारशाने कुणाला जात नाही. डबीचे तसे नाही. ती घरातून सराफाकडे जाऊ शकते. लंडनच्या संग्रहालयांत अशा डब्या काचेआड आहेत आणि परदेशी लिलावांत नक्षीवरून त्यांची किंमत ठरते. आपल्याकडे मोडीत वजनावर ठरते, आणि एकदा आटली की तो सांधा बसवणाऱ्या हाताचा पुरावाही जातो. कार्तिकी पौर्णिमेला लिंगायत संत मन्मथस्वामींच्या समाधीस्थळी, कपिलधारला, लातूर-नांदेडकडच्या दिंड्या पायी जातात. आजोबांची डबी कुठल्या सोनाराने घडवली, हे सांगू शकणारी म्हातारी माणसे या दिंड्यांत असतील. त्यांना आताच विचारून घ्यायला हवे.