समजून घ्या : लिंबाच्या सालीतील किमया आता रेणूंच्या पिंजऱ्यात!

पातूर-बाळापूर भागातील बागेतले लिंबू नखाने खरवडले की झणझणीत वास येतो. हा वास मुख्यतः लिमोनीन या द्रव्याचा. झाडातील एन्झाइम, म्हणजेच विकर, दहा कार्बन अणूंची लांब साखळी वाकवते आणि तिचे वलय करून लिमोनीन घडवते. हेच काम प्रयोगशाळेत मानवनिर्मित रेणूंकडून करून घेता येईल का?

विकर नेमके काय करते?
विकरात एक खोबण असते. साखळी तिच्यात शिरली की तिला ठरावीक आकारात दुमडावे लागते. मधल्या टप्प्यात तयार होणाऱ्या नाजूक धनभारित रेणूला खोबण सांभाळते आणि पाण्यापासून दूर ठेवते.

शास्त्रज्ञांनी काय केले?
अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात केनेथ रेमंड आणि रॉबर्ट बर्गमन यांच्या गटाने गॅलियमचे ४ अणू आणि ६ सेंद्रिय दुवे यांचा चौफलकी पिंजरा वापरला. पाण्यात हे भाग आपोआप जुळतात. पिंजऱ्यावर ऋणभार असल्याने आतील धनभारित रेणूला आधार मिळतो. नाझारोव्ह वलयीकरण ही अभिक्रिया त्यात सुमारे २१ लाख पट वेगाने झाली, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. हा वेग विकरांच्या तोडीचा होता.

२०१५ मध्ये कोनराड टिफेनबाखर यांच्या गटाने रिसॉर्सिनारीनचे ६ आणि पाण्याचे ८ रेणू जुळून बनणाऱ्या कुपीत, लिमोनीनच्याच कुळातील वलये घडवली. पुढे २०१८ मध्ये त्याच कुपीच्या मदतीने आयसोलाँगिफोलीन हे तीन वलयांचे संयुग मोजक्या पायऱ्यांत तयार झाले.

अडचण कुठे?
तयार झालेला रेणू पिंजऱ्यातच अडकला, तर पुढच्याला जागा मिळत नाही. बर्कलेच्या प्रयोगात हेच घडले. बाहेर आलेला रेणू दुसऱ्या रसायनाशी बांधून टाकल्यावर काम पुढे सरकले. कुपीत अनेकदा एकाऐवजी मिश्रण मिळते. नेमकेपणात विकर अजूनही पुढे आहे.

मग उपयोग काय?
लिमोनीन संत्र्याच्या सालीतूनही मुबलक मिळते, त्यासाठी पिंजऱ्याची गरज नाही. मात्र अनेक सुगंधी द्रव्ये आणि औषधे अशाच वलयांची असतात आणि वनस्पतींत ती अत्यल्प सापडतात. ती थोडक्या पायऱ्यांत, कमी कचरा करून बनवता आली, तर हा पिंजरा खऱ्या अर्थाने कामाला येईल.