मधलं पाणी अजून आतच जातंय

दाभोळच्या धक्क्यावर भरती-ओहोटी पायाला कळते. सुकतीच्या वेळी जंगलजेटी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट, उतरणीवर पार खाली लागते, शेवाळलेलं काँक्रीट उघडं पडतं आणि गाडीचं नाक रॅम्पला घासणार या धास्तीने लोक चालकाला ‘हळू, हळू’ ओरडत असतात. मी पोचलो तेव्हा शेवाळाचा पट्टा बहुतेक बुडालेला होता. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. म्हणजे उधाण ऐन जोरात. सर्वांत मोठी भरती पौर्णिमेलाच येते असं नाही, बहुधा एक-दोन दिवस मागून येते.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावरचं जुनं गणित. द्वितीया, म्हणजे दीड वाजता. गणित सोपं आहे आणि थोडं लबाडही. अमावास्येला पंधरा धरलेत तर सव्वाअकरा येतात, शून्य धरलंत तर बारा, आणि दिवस तर एकच! भरती तिथीमागे साधारण 48 मिनिटांनी पुढे सरकते, आपण 45 धरतो. पंधरवड्यात पाऊण तास गळतो. शिवाय भरतीची लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते, म्हणून गोव्याला मुंबईच्या आधी भरती लागते आणि दाभोळ या दोघांच्या मध्ये. हे सगळं मनात धरून मी सव्वाबारालाच येऊन बसलो होतो.

मला पाणी वळताना बघायचं होतं. नांगरलेल्या होड्या हे त्याचं सगळ्यांत चांगलं यंत्र. नांगर पुढून टाकलेला, त्यामुळे होडी नाक प्रवाहाकडे करून उभी राहते. त्या वेळी सगळ्या होड्यांची तोंडं समुद्राकडे होती, जणू कुणीतरी तिकडून हाक मारली होती. पाणी आत शिरत होतं, चिपळूणच्या दिशेने.

पावणेएकच्या जंगलजेटीने धोपाव्याला निघालो. समोरचा धक्का जवळजवळ सरळ दक्षिणेला, पण बोट चालवणाऱ्या सारंगाने नाक धरलं होतं बरंच उजवीकडे, समुद्राच्या बाजूला. नवखा माणूस म्हणेल, हा चालला कुठे? बोट तिरपी सरकत राहते, प्रवाह तिला आत ढकलत राहतो आणि दोन्हींची बेरीज धक्क्यावर येऊन टेकते. किनाऱ्यालगत त्याने नाक सरळ केलं. ‘‘इथे पाणी मेलेलं असतं,’’ तो म्हणाला, ‘‘ढकलत नाही.’’

पलीकडे उतरून पायरीवर बसलो. एकच्या सुमारास पायरीवरची ओली रेघ पाण्याच्या दोन बोटं वर दिसू लागली. म्हणजे पातळी उतरायला लागली होती. काठाच्या दोन होड्या डुलल्या, आडव्या झाल्या आणि हळूहळू उलट्या फिरल्या. मधल्या होड्या मात्र अजून समुद्राकडेच तोंड करून उभ्या. शेजारी जाळं उलगडत बसलेल्या दादांना मी विचारलं, भरती संपली ना? त्यांनी मान वर न करताच सांगितलं, ‘‘मधलं पाणी अजून आतच जातंय.’’

शाळेत आपण शिकतो की भरती संपली की ओहोटी सुरू. खाडीच्या मुखाला हे मान्य नाही. काठाचं पाणी उथळ, तळाशी घासून आधीच दमलेलं. उतार बदलला की ते लगेच फिरतं. मधला प्रवाह खोल आणि जड. त्याचा वेग जिरायला वेळ लागतो, म्हणून पातळी उतरत असतानाही तो आत जात राहतो. दोन उलट्या पाण्यांच्या मधोमध एक रेघ उमटली होती: फेस, पालापाचोळा, नारळाची सोडणं, थर्माकोलचा एक तुकडा. दोन्हीकडून आलेलं सगळं तिथे गोळा होऊन जागच्या जागी गरगरत होतं. पुढची जंगलजेटी ती रेघ ओलांडताना किंचित झोकांडली.

दादांचं खरं लक्ष त्या रेघेवर नव्हतंच. ‘‘वरचं बघून फसाल. खाली वेगळं चालतं.’’ त्यांचं जाळं पिशवीसारखं, खुंटांना बांधून तोंड प्रवाहाकडे ठेवायचं. मासळी पाणीच आणून टाकतं. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत प्रवाहात दम नसतो, पिशवी फुगत नाही. आणि पाणी फिरण्याआधी काढलं नाही, तर पिशवी उलटते आणि आलेली मासळी निघून जाते. म्हणून तळाचं पाणी कधी फिरतं हे त्यांना दोरीच्या ताणावरून हाताला कळावं लागतं. पावसाळ्यात तर वर नदीचं गोडं, गढूळ पाणी समुद्राकडे धावत असतं आणि त्याच वेळी खालून जड खारं पाणी पाचरीसारखं आत घुसत असतं. या खाडीत येणाऱ्या वाशिष्ठी नदीला गोड्या पाण्याची उन्हाळ्यातही ददात नाही. कोयना खरं तर कृष्णेला मिळणारी नदी, पण 1962पासून तिचं पाणी वीज करून सह्याद्रीच्या या बाजूला सोडलं जातं. घाटावरचं पाणी कोकणातल्या मासळीच्या वेळापत्रकात येऊन बसलं आहे, ही मला जरा गमतीची गोष्ट वाटते. गंमत नेहमीच नसते. 22 जुलै 2021ला चिपळूण बुडालं, तेव्हा धो धो पावसाच्या पाण्याला भरतीही आडवी आली होती.

मधली शेवटची होडी फिरायला दीड वाजून गेला. मधली काही मिनिटं ती कुठेच बघत नव्हती. नांगराची दोरी सैल लोंबत होती आणि पाण्यावर कोळ्यांच्या पोरांनी फेकलेली चप्पल एका जागी थांबली होती. मग दोरी ताणली गेली, चप्पल समुद्राकडे निघाली.

परतीच्या फेरीला सारंग तोच होता. आता आम्ही उत्तरेला चाललो होतो, पाणी बाहेर ओढत होतं, त्यामुळे त्याने नाक धरलं चिपळूणच्या बाजूला. जातानाही उजवीकडे, येतानाही उजवीकडे. मी त्याला हे सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, ‘‘पाच वाजता या, मग समुद्राकडे धरलेलं दाखवतो,’’ आणि लगेच स्वतःच बोटांवर मोजून दुरुस्ती केली, ‘‘नाही, आठ वाजता.’’