पाटाच्या उतारात बांधलेला न्याय

तंत्रज्ञान चांगलंही नसतं आणि वाईटही नसतं, वापरणाऱ्यावर सगळं अवलंबून, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात मात्र हे म्हणणं टिकत नाही. सटाण्याच्या आरम नदीवर, शेजारच्या मोसमवर आणि पलीकडे धुळ्याच्या पांझरेवर तीन-चारशे वर्षांपूर्वी जे दगडी बंधारे उभे राहिले, त्यांच्या बांधणीतच कुणाला किती पाणी मिळावं याचं उत्तर होतं. ही फड पद्धत.

फडाचा बंधारा पाणी साठवत नाही, वळवतो. नदीच्या पात्रात आडवी भिंत, तिच्या एका अंगानं निघणारा पाट, पाटातून चाऱ्या. गरजेपुरतं पाणी पाटात शिरतं आणि उरलेलं भिंतीच्या माथ्यावरून खालच्या गावाच्या बंधाऱ्याकडे जातं. पाटात जास्त पाणी आलंच, तर ते सांडमातून परत नदीला मिळतं. वरच्या गावानं ठरवलं तरी सगळी नदी अडवून धरता येऊ नये, अशीच ही रचना आहे.

खरी करामत जमिनीच्या मांडणीत आहे. पाटाखालच्या क्षेत्राचे तीन-चार फड पाडलेले असतात आणि बहुतेक शेतकऱ्यांची पट्टी प्रत्येक फडात असते. एका फडात एका वेळी एकच पीक. यंदा एकात ऊस, तर बाकीच्यांत हंगामी पिकं, पुढे अदलाबदल. पाणी कमी पडलं की गाव एखादा फड कोरडा ठेवतं. त्या फडात जवळपास सगळ्यांचीच जमीन असल्यामुळे तोटाही सगळ्यांमध्ये वाटला जातो. आधुनिक कालव्यावर तोंडाशी असलेल्याचा ऊस डोलतो आणि शेपटाकडच्याची ज्वारी करपते. फडात हा अन्याय मांडणीनंच टाळला होता. देखरेखीला पाटकरी आणि जागल्या, त्यांचा मेहनताना गावाकडून, आणि दरसाल पाटाची साफसफाई सगळ्यांनी मिळून करायची. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात शेतकऱ्यांचं पाणी-न्यायालय आजही दर गुरुवारी चर्चच्या दाराशी बसतं. युनेस्कोनं 2009 साली त्याची मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. आमच्या पाटकऱ्याची ओळख मात्र बागलाणाबाहेर फारशी पोचली नाही, याची मला खंत वाटते.

पुढे मोसमवर हरणबारी आणि आरमवर केळझर ही धरणं झाली. विहिरी वाढल्या, नदीचा वाहता झरा आटत गेला आणि बरेच फड मोडकळीला आले. धरणं नकोच होती, असं मी म्हणणार नाही; अवर्षणाच्या या टापूला साठा हवाच होता. पण धरणाच्या आराखड्यात पाण्याचं माप जितक्या बारकाईनं मांडलं जातं, तितक्याच बारकाईनं खालच्या अंगाला आधीपासून पाणी वाटून घेणाऱ्यांचा हिशेब मांडायला हवा. तो मांडणं हे अभियंत्याचं काम आहे. ते मंत्र्यावर किंवा मामलेदारावर ढकलता येत नाही.

हे काम करून दाखवलेला एक माणूस महाराष्ट्रानं पाहिला आहे. 1972 च्या दुष्काळाचे हाल पाहून पुण्यातले अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावात उतरले. त्यांनी पाणी पंचायतीचे नियम घडवले. पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं नाही, माणसांच्या मोजणीनं द्यायचं: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. पंप आणि पाइप सगळीकडे मिळतातच. त्यांच्या जोडीनं कुणाला किती पाणी द्यायचं हेही साळुंख्यांनी आपल्या कामाचा भाग मानलं.

आज सटाण्याच्या आसपास कांदा, डाळिंब आणि द्राक्षं आहेत, ठिबक आहे, बोअरची गाडी आहे. ठिबकनं पाणी वाचतं हे खरं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी चार ओळी लागल्या, तर जमिनीखालचा साठा होता तिथेच राहतो किंवा घटतो. काळ्या पाषाणाच्या भेगांत पाणी मुळातच थोडं. शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी खोल बोअरनं ओढलं जातं, तेव्हा दोष बोअर मारणाऱ्या शेतकऱ्याच्या माथी मारणं सोपं असतं. 2009 च्या राज्य भूजल कायद्यानं शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना आडकाठी घातली आहे, पण गाडीचा दांडा साठाव्या मीटरवर आपण होऊन थांबत नाही.

आता 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली आहे. रात्रीच्या विजेसाठी जागणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा पाणी मिळेल, ही फार मोठी सोय आहे आणि ती मिळायलाच हवी. मात्र ऊन फुकट असल्यानं उपसा थांबवायला वीजबिलाचाही धाक उरत नाही. म्हणून पंपासोबत उपशाचं मोजमाप हवं, आणि ते आकडे गावासमोर मांडायला हवेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअरला बंदी केली. तिथे दरसाल पाऊस आणि भूजल मोजून ताळेबंद मांडतात, आणि रब्बीला काय पेरायचं हे त्यानंतर ठरतं.