तिन्हीसांज : संकल्पना, संकेत आणि उपनगरीय जीवन
(विशेष संदर्भ : ठाणे व कल्याण-डोंबिवली)

प्रस्तावना

दिवस मावळलेला असतो, पण रात्र झालेली नसते. या मधल्या वेळेला मराठीत एकच नाव नाही. संधिप्रकाश, सांज, तिन्हीसांज, कातरवेळ, दिवेलागण, गोरज अशी अनेक नावे तिला आहेत. ती केवळ समानार्थी नावे नव्हेत. प्रत्येक शब्द त्या वेळेचा एक वेगळा व्यवहार किंवा एक वेगळी मनःस्थिती सूचित करतो. या शब्दांना अर्थ देणारे जीवन मुख्यतः घर, अंगण आणि गोठा यांच्याभोवती फिरणारे होते. ठाणे व कल्याण-डोंबिवली या नोकरदारांच्या शहरांत मात्र असंख्य स्त्रीपुरुषांची ही वेळ लोकलगाडीत जाते. अशा स्थितीत या शब्दांचा अर्थ कितपत टिकतो व कसा बदलतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संधिप्रकाशाचे भौतिक स्वरूप

सूर्य क्षितिजाखाली गेल्यावरही वातावरणाच्या वरच्या थरांवर त्याचे किरण पडत राहतात आणि तेथून विखुरलेला प्रकाश भूमीपर्यंत पोहोचतो. हाच संधिप्रकाश होय. सूर्योदयापूर्वीही तो असतो. खगोलशास्त्रात त्याचे तीन टप्पे मानले जातात. सूर्यबिंब क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत नागरी, १२ अंशांपर्यंत नाविक आणि १८ अंशांपर्यंत खगोलीय संधिप्रकाश असतो.

ठाणे सुमारे १९.२ उत्तर अक्षांशावर आहे. उष्ण कटिबंधात सूर्य बराचसा सरळ खाली उतरतो. त्यामुळे येथील नागरी संधिप्रकाश साधारण २२ ते २४ मिनिटांत संपतो. लंडनमध्ये जून महिन्यात तो पाऊण तासाच्या आसपास रेंगाळतो. आपल्याकडची सांज अशी झटकन संपणारी असल्यामुळे दिवा वेळेवर लावण्याला महत्त्व येणे स्वाभाविक होते.

या परिसरात नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमारास होतो, तर जुलैच्या प्रारंभी तो सात वाजून वीस मिनिटांच्या जवळपास होतो. सूर्याची वेळ अशी बदलते. कचेरीची वेळ मात्र बदलत नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या सुमारे ३९ मिनिटे पुढे होती, आणि मुंबईत जुनी ‘मुंबई वेळ’ काही व्यवहारांत १९५५ पर्यंत टिकून राहिली. सूर्याची वेळ व घड्याळाची वेळ यांतील ही तफावत उपनगरातील सांजेच्या अनुभवामागे आजही आहे.

शब्द आणि अर्थच्छटा

‘संध्या’ या संस्कृत शब्दाचे प्राकृतातून आलेले रूप म्हणजे ‘सांज’. धार्मिक परंपरेत प्रातःकाळ, मध्यान्ह व सायंकाळ अशा तीन संध्या सांगितल्या आहेत. ‘तिन्हीसांज’ हा शब्द मात्र लोकव्यवहारात सायंकाळपुरताच उरला. ‘गोरज’ म्हणजे घरी परतणाऱ्या गुरांच्या खुरांनी उडालेली धूळ. गुरे नाहीशी झालेल्या शहरांतही लग्नपत्रिकेवर ‘गोरज मुहूर्त’ छापला जातो. ‘कातर’ या शब्दाचा मूळ अर्थ भ्यालेला, व्याकूळ असा आहे. ‘कातरवेळ’ म्हणताना प्रकाशापेक्षा मनाची अवस्था अधिक अभिप्रेत असते. ‘दिवेलागण’ हा शब्द पूर्णपणे कृतीचा आहे.

या वेळेभोवती अनेक संकेत निर्माण झाले. तिन्हीसांजेला झोपू नये, केर काढू नये, उसने देऊ नये, लहान मुलाला बाहेर नेऊ नये, लक्ष्मी येण्याची वेळ म्हणून दार उघडे ठेवावे, असे सांगितले जाई. देवापाशी सांजवात लावली जाई. मुले ‘शुभं करोति’ आणि परवचा म्हणत. नृसिंहाच्या कथेतही दिवस नाही व रात्र नाही अशी वेळ आणि आत नाही व बाहेर नाही अशी उंबरठ्याची जागा एकत्र आली आहे. तिन्हीसांज हा काळाचा उंबरठा आहे आणि त्याचे संकेत घराच्या उंबरठ्यापाशी पाळले गेले, असे या सर्वांतून दिसते. ते पाळण्याची जबाबदारी बहुतांशी घरातील स्त्रीवर होती, हेही लक्षात घेणे आवश्यक आहे.

प्रातःकालीन संधिप्रकाशाचे शब्द याहून निराळे आहेत. ‘झुंजुमुंजु’, ‘तांबडे फुटणे’ यांत भीती नाही. संगीतातही हा भेद आढळतो. पं. वि. ना. भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या मांडणीनुसार संधिप्रकाश रागांत सामान्यतः कोमल ऋषभ व शुद्ध गंधार असतात. मात्र पहाटेकडे शुद्ध मध्यमाचे व सायंकाळी तीव्र मध्यमाचे प्राबल्य असते. भैरव आणि पूर्वी हे राग ऐकताना हा फरक ध्यानात येतो. दोन्ही वेळांचा प्रकाश जवळजवळ सारखाच असतो, परंतु एका स्वरामुळे भाव पालटतो. मराठी कवितेतही सांजेला स्वतंत्र स्थान आहे. ग्रेस यांच्या १९६७ मधील पहिल्या संग्रहाचे नावच ‘संध्याकाळच्या कविता’ असे आहे.

उपनगरातील तिन्हीसांज

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली आणि १८५४ मध्ये ती कल्याणपर्यंत पोहोचली. पुढील काळात या मार्गावरील गावे मुंबईच्या नोकरदारांची निवासस्थाने बनली. त्याबरोबर येथील सांजेची जागाही हळूहळू बदलली. हिवाळ्यात कचेरी सुटते तेव्हा अंधार पडलेला असतो. उन्हाळ्यात मुंब्र्याजवळ खाडीवर रेंगाळणारा प्रकाश गाडीच्या दारातून क्षणभर दिसतो. ज्या वेळी स्त्रीने उंबरठ्याच्या आत असावे असा संकेत होता, त्याच वेळी महिलांच्या डब्यात रात्रीची भाजी निवडली जाते. दिवेलागणीचे काम संपलेले नाही, त्याची जागा बदलली आहे. मिळवतीपण आणि घरकाम हे दोन्ही भार एकाच वेळेत एकत्र आले आहेत. घरी सांजवात लावतात ती बहुधा आजी किंवा शाळेतून परतलेले मूल.

‘कातरवेळ’ या शब्दाला तर येथे नवा व नेमका अर्थ लाभला आहे. पूर्वी गुरे व माणसे परतेपर्यंत असलेली काळजी आता गाडी उशिरा असल्याच्या बातमीशी जोडली गेली आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दुपारनंतर लोकलसेवा ठप्प झाली. अनेक जण रेल्वेमार्गावरून पायी निघाले आणि घरोघरी दाराशी वाट पाहण्यात रात्र गेली. त्या सायंकाळी ज्यांनी वाट पाहिली, त्यांना ‘कातर’ या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागणार नाही.

सांजेचे सार्वजनिक रूपही या शहरांत घडले आहे. ठाण्याच्या मासुंदा तलावाची तलावपाळी आणि कल्याणचा काळा तलाव येथे सायंकाळी माणसे फिरावयास येतात. डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर दिवाळीच्या पहाटे तरुणाईची गर्दी होते. घरातल्या अभ्यंगस्नानाच्या वेळेला लाभलेले ते सामूहिक रूप आहे. संधिकाल घराबाहेर आला, तरी त्याचे महत्त्व नाहीसे झालेले नाही, हे यावरून स्पष्ट होते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, तिन्हीसांजेचे शब्द ज्या जीवनातून आले ते जीवन या परिसरात मोठ्या प्रमाणावर ओसरले आहे, तथापि शब्द निरर्थक झालेले नाहीत. ‘गोरज’ मुहूर्तापुरता उरला, ‘परवचा’ दुर्मीळ झाला, ‘कातरवेळ’ मात्र अधिक खरी ठरली. जुन्या संकेतांकडे केवळ स्मरणरंजन म्हणून पाहिल्यास त्यांतील स्त्रीवरील बंधन दृष्टीआड होते. केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहिल्यास परतणाऱ्या माणसासाठी दिवा लावून वाट पाहण्यातील जिव्हाळा दृष्टीआड होतो. वर्गात हे शब्द शिकविताना गोठा न पाहिलेल्या विद्यार्थ्याला त्यांचा अर्थ सांगणे कठीण जाते. अशा वेळी त्याच्या घरी सायंकाळी कोण कोणाची वाट पाहते, येथून प्रारंभ केल्यास शब्द व अनुभव यांतील अंतर कमी होऊ शकेल.