तोरणाखालची झडती आणि पियानोवरचे गाणे

पिठोरी अमावास्येला वाशीम जिल्ह्यातल्या गावागावांत आखरावर, म्हणजे गावाची गुरे जमतात त्या मोकळ्या जागी, तोरण बांधले जाते. शिंगांना बेगड लावलेले, झूल पांघरलेले बैल त्याखाली ओळीने उभे राहतात, डफडे घुमत असते आणि तोरण तुटण्याआधी, म्हणजे पोळा फुटण्याआधी, कोणीतरी हात उंचावून झडती म्हणतो. चार-सहा यमकदार ओळी, शेवटी महादेवाचा गजर, आणि लगेच समोरच्या बाजूने दुसऱ्याची उत्तरादाखल झडती. जुन्या झडत्यांत महादेव-पार्वती, नंदी आणि बैलांचे कौतुक असे. आज त्याच ठेक्यात सोयाबीनचा पडलेला भाव, कापसाची खरेदी, पीकविमा, कर्जमाफी आणि निवडणुकीतली आश्वासने येतात, गावातला एखादा बडा माणूसही येतो. जे ग्रामसभेत बोलायला जीभ रेटत नाही, ते त्या संध्याकाळी सगळ्या गावासमोर बोलले जाते. ज्याच्याबद्दल बोलले जाते तो बहुतेक वेळा तिथेच, आपल्या बैलांजवळ उभा असतो आणि हसण्यात त्यालाही सामील व्हावे लागते.

याच जातीची एक कला सातासमुद्रापलीकडे पियानोवर वाढली. टॉम लेहरर हा अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात गणित शिकवणारा तरुण. १९५३ साली त्याने स्टुडिओचे जेमतेम १५ डॉलर भाडे भरून आपली गाणी स्वतःच ध्वनिमुद्रित केली आणि पहिल्या खेपेला ४०० तबकड्या काढल्या. गाणारा एक, वाजवणारा तोच, लिहिणाराही तोच. अणुबाँब, वंशभेद, धर्मसंस्था, सैन्य, सगळ्यांवर त्याने गाणी रचली. १९६५ नंतर त्याने नवीन काम जवळजवळ थांबवले, उरलेले आयुष्य मुख्यतः शिकवण्यात घालवले आणि २०२५ च्या जुलैमध्ये ९७ व्या वर्षी तो वारला. एवढ्या थोड्या गाण्यांवर, त्यातही ताज्या बातम्यांवर रचलेल्या गाण्यांवर, माणसे सत्तर वर्षे लोभ धरून आहेत. इंग्लंडमध्ये मायकेल फ्लँडर्स आणि डोनाल्ड स्वान या जोडीने १९५६ च्या अखेरीस एक पियानो आणि दोन माणसे एवढ्याच भांडवलावर लंडनमध्ये कार्यक्रम सुरू केला, त्यांचीही गाणी आज ऐकली जातात. ही लोकप्रियता कशामुळे टिकते, हा प्रश्न त्यामुळे वाशीमच्या आखरावर आणि हार्वर्डच्या सभागृहात सारखाच विचारता येतो.

नेहमीचे उत्तर असे असते की लोकांना आपला राग कोणीतरी बोलून दाखवलेला आवडतो. ते अपुरे आहे. राग तर भाषणातही असतो, वर्तमानपत्राच्या अग्रलेखातही असतो, आणि दोन्ही आठवडाभरात विसरले जातात. माझे म्हणणे असे आहे की उपरोधाचे गाणे ऐकणाऱ्याला स्वतःचा साथीदार करून घेते, आणि त्याचे दीर्घायुष्य यातूनच येते. चाल गोड किंवा ओळखीची असते, म्हणून श्रोता बेसावध असतो. यमक जुळायला लागले की पुढचा शब्द त्याला आधीच सुचतो. गायकाच्या तोंडून तो येण्यापूर्वी श्रोत्याच्या मनात आलेला असतो. त्यामुळे टीकेचा शेवटचा घाव गायकाइतकाच श्रोताही घालतो, आणि हसू फुटल्यावर मग त्याला कळते की आपण काय कबूल करून बसलो. लेहररचे उद्यानातल्या कबुतरांना विष घालण्याचे गाणे वॉल्ट्झच्या अगदी लोभस लयीत चालते. चाल कठोर असती तर ते गाणे कोणी दुसऱ्यांदा ऐकले नसते. झडतीत चाल नाही, पण ठेका आणि यमक आहे आणि तिथेही हेच घडते: शेवटच्या ओळीतला शब्द अर्धे गाव एकदम म्हणते.

यात वाद्याचा वाटा मोठा आहे आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. पियानोच्या ८८ पट्ट्यांमागे हातोड्या असतात आणि त्या तारांवर आघात करतात. म्हणजे पियानोचा सूर उमटतो आणि लगेच विरायला लागतो. त्या विरण्यात शब्दाला जागा मिळते. वाजवणाऱ्याचे तोंड मोकळे असते, तो श्रोत्यांकडे पाहू शकतो, हशा आला की हात थांबवू शकतो, आणि हशा ओसरताच नेमका पुढचा ठोका देऊ शकतो. मागे वाद्यवृंद असता तर हे थांबणे शक्य झाले नसते. आपल्याकडे पियानोची जागा कोणी घेतली असे विचारले तर पहिल्यांदा पेटी आठवते, आणि पु. ल. देशपांड्यांसारख्या माणसाच्या हातात पेटी आणि विनोद दोन्ही होते हे खरेच. पण पेटीचा सूर भात्याच्या हवेवर लांबत राहतो आणि एक हात भात्यात अडकतो. उपरोधाच्या कामी मला पियानोचे खरे नातेवाईक वाद्य खंजिरी वाटते. एका बाजूला कातडे, कडेला झांजा, आणि थाप पडली की क्षणात संपणारा आवाज. ती हातात घेणारा माणूस एकटा हजारांच्या सभेला सांभाळू शकतो, आणि तसा तो वऱ्हाडात सांभाळत आला आहे.

ही परंपरा वाशीमच्या शेजारीच घडली. १९९८ च्या १ जुलैला वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला, पण भाषा, पीकपाणी आणि भजन या तिन्ही बाबतींत हा सगळा मुलूख एकच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीला भजनी मंडळातून सभेच्या मंचावर आणले. १९४२ च्या आंदोलनात त्यांना तुरुंगवास झाला, यावरून त्या भजनांची ताकद सरकारला किती वाटली असेल याचा अंदाज येतो. त्यांच्या आधीच्या पिढीतले गाडगे महाराज कीर्तनात सरळ उपदेशावर थांबत नसत. ते वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत, कर्ज काढून केलेल्या तीर्थयात्रेबद्दल, देवापुढे कापलेल्या बोकडाबद्दल, आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून येई. उत्तर देता देता श्रोता स्वतःलाच हसू लागे. पियानोवाल्याचे यमक जे काम करते तेच गाडगेबाबांचा प्रश्न करी. आजच्या काळात अकोला जिल्ह्यातल्या सिरसोलीचे सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या समोर मांडून एकट्याने वाजवतात. वेगवेगळ्या नादांच्या त्या खंजिऱ्यांवर हात फिरत असतो आणि तोंडाने हुंडा, दारू, अंगारे-धुपारे, मुलीच्या लग्नातला बडेजाव यांची झाडाझडती चालू असते. त्यांच्या ‘सप्तखंजेरी’चे कार्यक्रम वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत रात्री उशिरापर्यंत गर्दी धरतात. समोर बसलेल्यांत हुंडा घेतलेलेही असतात आणि नुकतेच कर्ज काढून लग्न केलेलेही असतात. ते उठून जात नाहीत, हे या कलेचे सगळ्यात मोठे प्रमाणपत्र आहे.

श्रोत्यालाच निशाण्यावर घेण्याची ही हिंमत आपल्याला संतांनी शिकवली. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडे रचली, त्यात सासुरवाशिणीने भवानीला रोडग्याचा नवस बोलण्याचे भारूड सर्वांच्या ओळखीचे. सासू, सासरा, नणंद, नवरा यांच्या तावडीतून सुटका मागणारी ती सून ऐकताना हसू येते, आणि ऐकणाऱ्यांत सासवाही असतात, नणंदाही असतात. (रोडगे-वांग्यांच्या पंगतीत वाढलेल्या वऱ्हाडी माणसाला तर तो नवस जास्तच जवळचा वाटावा.) भारुडाचा आध्यात्मिक अर्थ वेगळा आहे हे मान्य, पण तो अर्थ पोचवायला नाथांनी घरातल्या भांडणाचे हसू निवडले, हे महत्त्वाचे. पुढे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या जलशांनी तमाशाचाच गण, गौळण, वग असा साचा उचलला आणि आत भरलेला मजकूर बदलला. ओळखीचा साचा आणि अनोळखी आशय, ही युक्ती लेहररनेही वापरली. १९५९ साली त्याने मूलद्रव्यांची नावे एका गाण्यात गुंफली तेव्हा चाल घेतली ती १८७९ च्या एका इंग्रजी संगीतिकेतल्या गाण्याची.

यावर पहिला आक्षेप असा की अशी गाणी शिळी होतात. बातमी जुनी झाली की विनोद कळत नाही. आक्षेपात तथ्य आहे, कित्येक झडत्या खरोखरच त्या वर्षापुरत्या असतात आणि पुढच्या पोळ्याला नव्या लागतात. पण जी टिकतात ती कशी टिकतात हे पाहिले पाहिजे. लेहररच्या त्या गाण्यात तेव्हा माहीत असलेली १०२ मूलद्रव्ये होती. आज ती ११८ आहेत, तरी विज्ञानाचे विद्यार्थी ते गाणे पाठ करतात, कारण जीभ अडखळू न देता तेवढी नावे म्हणण्याचा आनंद जुना होत नाही. अण्णा भाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात रचली गेली. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला, म्हणजे तिचा तात्कालिक विषय बराचसा मार्गी लागला. तरी ती गायली जाते, कारण गाव सोडून शहरात गेलेल्या माणसाचा विरह तिच्यात खरा आहे. प्रसंग विरला तरी घडण चांगली असेल तर गाणे उरते. झडतीच्या बाबतीत तर सोयाबीनच्या भावाचा विषयच शिळा होत नाही, हे दुर्दैव आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हसून काय साधते? हिटलरच्या उदयाआधी बर्लिनच्या कॅबरेंमध्ये नाझींवर भरपूर विनोद झाले आणि त्यांनी काहीच अडले नाही. वाशीम हा विदर्भातल्या त्या सहा जिल्ह्यांपैकी एक आहे, ज्यांच्यासाठी शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांना ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर करावी लागली. अशा जिल्ह्यात पोळ्याला चार ओळी म्हणून कर्ज फिटत नाही, भाव वाढत नाही. उलट मनातली वाफ निघून जाते आणि माणूस मुकाट घरी जातो, असेही म्हणता येईल. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. गाण्याकडून सरकार पाडण्याची अपेक्षा ठेवणे हेच चुकीचे आहे. तो संघटनेचा, मतपेटीचा आणि आंदोलनाचा प्रांत. गाणे त्याच्या आधीचे काम करते. आपल्यावर आलेली आपत्ती ही आपल्या एकट्याची लाज आहे असे समजून घुसमटणाऱ्या माणसाला, शेजारचे दोनशे जण त्याच ओळीला हसताना दिसतात. कर्जाबद्दल चारचौघांत बोलता येणे ही गोष्ट या भागात साधी नाही. आणि उपरोध निरुपद्रवी असता तर तो करणाऱ्यांना किंमत मोजावी लागली नसती. डेन्मार्कचा व्हिक्टर बोर्गे पियानोवर बसून नाझींची टर उडवीत असे. १९४० मध्ये जर्मनांनी देश घेतला तेव्हा तो कार्यक्रमासाठी स्वीडनला होता म्हणून वाचला, आणि पुढे अमेरिकेला निघून गेला. सत्यपाल महाराजांवर २०१७ साली मुंबईत चाकूहल्ला झाला. ते बरे झाले आणि पुन्हा खंजिरी घेऊन उभे राहिले.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मान झुकवावी लागते. लोकांचे हसू नेहमी वरच्या माणसांवरच जात नाही, पुष्कळदा ते खालच्यावर कोसळते. झडत्यांत बायकोची टिंगल असते, कोणाच्या जातीला, कोणाच्या रूपाला टोमणे असतात, आणि तोरणाखाली म्हणणारे जवळजवळ सगळे पुरुष असतात. ही उणीव परंपरेच्या नावाखाली झाकू नये. पण उपाय ती परंपरा बंद करण्यात नाही, म्हणणारी तोंडे वाढवण्यात आहे. याच जिल्ह्यात लग्नात विहिणींना गाण्यातून चिमटे काढणाऱ्या बायका आहेत. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला मानणारा बंजारा समाज होळीला लेंगी गातो, आणि त्या गाण्यांतही थट्टेला भरपूर वाव असतो. उपरोधाचे शस्त्र त्यांच्याकडे आधीपासून आहे. गावाच्या मुख्य जागी उभे राहून ते वापरण्याचा मान तेवढा मिळालेला नाही. तो दिला तर बायकोवरच्या झडतीला बायकोकडूनच उत्तर येईल, आणि मला खात्री आहे की त्या दिवशीचा हशा अधिक मोठा असेल.

एक काम लगेच करण्यासारखे आहे. लेहररने २०२० मध्ये आपल्या गाण्यांचे शब्द आणि २०२२ मध्ये बाकीचे सगळे हक्क सोडून दिले. आता कोणीही ती गाऊ, छापू, बदलू शकतो. झडतीवर तर कोणाचाच हक्क कधी नव्हता, आणि म्हणूनच ती जपणे हे कोणाचेच काम राहिले नाही. बैलजोड्या कमी होत आहेत, ट्रॅक्टरची संख्या वाढते आहे, आणि तोरणाखाली उभ्या राहणाऱ्या जोड्याच घटल्या तर झडती म्हणणाराही घटणार. मोबाइलवर चित्रफिती फिरतात, पण त्यात गावाचे नाव नसते, साल नसते, म्हणणारा कोण हे नसते. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा आणि वाशीम या सहाही तालुक्यांतल्या मराठीच्या शिक्षकांना आणि महाविद्यालयीन मुलामुलींना विनंती आहे: येत्या पोळ्याला वही घेऊन आखरावर जा, प्रत्येक झडती जशी म्हटली तशी वऱ्हाडीतच उतरवा, खाली गाव, तारीख आणि त्या वर्षीचा सोयाबीनचा भाव लिहा, आणि ती वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवा.