चित्रांमागचं गणित (भाग ७) : पन्नास केबीच्या पलीकडची नोकरी

हुबळीतल्या कोप्पीकर रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात नोकरीचा अर्ज भरायला आलेली मुलं हटकून फोटोपाशी अडतात. ‘फोटो ५० केबीच्या आत हवा.’ दुकानदार तो पटकन बसवून देतो. पण ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा पासपोर्ट फोटो जसाच्या तसा साठवला, तर साडेसहाशे केबींच्या आसपास जातो. मधले सहाशे केबी गेले कुठे? याचा विचार करण्यासाठी पगार मिळतो, आणि आपल्याकडच्या मुलांना हे कुणी सांगतच नाही.

फोटो साठवायची जेपेग पद्धत चित्राचे ८ बाय ८ चे चौकोन पाडते. प्रत्येकातले ६४ आकडे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्ममधून गेले की पहिला आकडा सरासरी उजेडाचा उरतो, पुढचे अधिकाधिक बारीक चढउतारांचे. गालासारख्या सपाट भागात हे शेवटचे आकडे नगण्य असतात. त्यांना भागून पूर्णांकात बसवलं की शून्य, आणि शून्यांची रांग थोडक्यात लिहिता येते. हे ट्रान्सफॉर्म मांडणारे नासिर अहमद बेंगळुरूचे. १९७२ साली त्यांनी अमेरिकेत निधी मागितला, तो नाकारला गेला; कल्पना फार साधी वाटली, असं त्यांनीच पुढे सांगितलं. तरीही टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये आला, आणि १९९२ चं जेपेग त्याच पायावर उभं राहिलं.

आता छातीचा एक्स-रे घ्या. २००० बाय २५०० पिक्सेल, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे १० एमबी. इथे ‘नगण्य’ म्हणून टाकलेल्या बारीक चढउतारातच बरगडीची केसाएवढी चीर असू शकते. काय टाकायचं आणि काय नाही, हे डॉक्टरांशेजारी बसून ठरवावं लागतं. मला या क्षेत्रातलं सगळ्यात मोलाचं काम हेच वाटतं.

नोकरी शोधताना मात्र या आकार घटवण्याच्या कामाचं ‘कॉम्प्रेशन’ हे नाव जाहिरातीत क्वचितच सापडेल. व्हिडिओ कोडेक, मेडिकल इमेजिंग, कॉम्प्युटर व्हिजन अशा नावांखाली बघा. बेंगळुरूत इत्तियम ही कंपनी व्हिडिओ कोडेकचं काम करते. फिलिप्स आणि जीई हेल्थकेअर यांची वैद्यकीय उपकरणांची संशोधन केंद्रंही तिथेच आहेत. पण सुरुवातीलाच गाव सोडायची गरज नाही. विद्यानगरातल्या केएलई टेकमध्ये, म्हणजे आपल्या जुन्या बीव्हीबीत, हंपीच्या वास्तूंची त्रिमितीय डिजिटल प्रतिकृती घडवण्याच्या प्रकल्पावर काम झालं आहे. धारवाडला २०१६ पासून आयआयटी आहे. अशा संस्थांत सरकारी निधीचा प्रकल्प निघाला आणि नेट किंवा गेट झालेलं असलं, तर ज्युनियर रिसर्च फेलोला १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं महिना ३७,००० रुपये मिळू शकतात, घरभाडं वेगळं.

तयारी कशी करायची? लिनियर अल्जिब्रा आणि संभाव्यता पक्की करा, सी++ लिहायचा सराव ठेवा. तयार लायब्ररी न वापरता एक जेपेग डिकोडर स्वतः लिहा. महिना लागला तरी चालेल. मुलाखतीत प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा तो एक प्रोग्राम जास्त बोलतो.

पुढच्या भागात वेव्हलेट आणि जेपेग २०००.