मुरमाची वाट आणि आपली सायकल

रामटेक-मनसर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. कोणी शाळेच्या सहलीत गेले, कोणी मनसरच्या टेकडीवरील उत्खनन पाहायला. पण पाहिले ते एस.टी.च्या खिडकीतून, उतरलो तिथेच, आणि परतलो त्याच रस्त्याने. गेल्या हिवाळ्यात आमच्या उत्तर नागपुरातील वस्तीतून अकरा जण हाच मुलूख सायकलवरून पाहून आलो. त्यात पाच मुली होत्या आणि दोन गृहिणी. डांबरी रस्ता शक्य तितका टाळायचा, एवढाच नियम केला होता.

प्रथमच सांगतो, नागपूरपासून सायकल चालवत आम्ही गेलो नाही. नागपूर-जबलपूर महामार्गावर ट्रकच्या रांगेत लेकरांना घालण्यात कसले आले शौर्य? सायकली टेम्पोत टाकल्या, रामटेकला उतरवल्या, चहा घेतला आणि सात वाजता खिंडसी तलावाच्या दिशेने निघालो. गाव सुटले की डोंगर जवळ येतात. डांबरावरून बाजूला वळले की मोटारीचा आवाज जो थांबतो, तो थांबतोच. मग चाकाखाली खडी करकरते ती, आणि पाखरे. दोन्ही बाजूंना साग, पळस, मोह. वाट चढते, उतरते, पुन्हा चढते. चढावर अर्धे लोक उतरून सायकल ढकलत होते, त्याची कोणाला लाज वाटली नाही.

अशा कच्च्या, खडीच्या वाटांवर सायकल चालविण्याची आज जगात मोठी हौस आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील एम्पोरिया गावी २००६ सालापासून अशी दोनशे मैलांची शर्यत होते. या शर्यतीच्या जुन्या नावात तिथल्या कान्झा या मूळनिवासी जमातीच्या नावापुढे ‘घाणेरडी’ या अर्थाचा शब्द जोडलेला होता. धुळीने माखण्याचा विनोद असेल. पण ज्यांच्या नावापुढे असे शब्द पिढ्यान् पिढ्या लावले गेले त्यांना त्यात विनोद दिसत नाही. हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. लोकांनी आवाज उठवला आणि २०२० साली ते नाव बदलले गेले.

याच अमेरिकेतील एक जुनी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. १८९७ साली पंचविसाव्या पायदळ पलटणीचे वीस कृष्णवर्णीय सैनिक मोंटाना राज्यातील मिसूला येथून सायकलवर निघाले आणि सुमारे १९०० मैल तुडवून ४१ दिवसांत सेंट लुईसला पोहोचले. डांबरी रस्ते नव्हतेच. चिखल, वाळू, डोंगर, रेल्वेचे रूळ. पाठीशी बंदूक, सायकलवर तंबू आणि शिधा. अधिकारी गोरा होता, पाय मात्र यांचे होते. पुढे १९०६ साली टेक्सासमधील ब्राऊन्सव्हिल गावच्या गोळीबाराचा आळ घेऊन याच पलटणीच्या १६७ सैनिकांना खटला न चालवता बडतर्फ करण्यात आले, आणि तो कलंक पुसायला १९७२ साल उजाडावे लागले. महार सैनिकांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कशी बंद केली गेली हे ज्यांच्या घरात सांगितले जाते, त्यांना ही कथा परकी वाटणार नाही.

वाहन आणि रस्ता हा आपल्या इतिहासात साधा विषय कधीच नव्हता. १९०१ साली बाल भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुले मसूर स्टेशनावर उतरली, वडिलांकडे गोरेगावला जायचे होते. जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान सोबत चालेल, या अटीवर ती पोरे रात्रीच्या प्रवासाला निघाली. पुढे १९२९ साली चाळीसगावला, बाबासाहेब बॅरिस्टर होऊन सरकारी समितीचे सदस्य म्हणून फिरत असतानाही टांगेवाले त्यांना बसवून टांगा हाकायला तयार नव्हते. आपल्याच माणसाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले आणि त्यांचा पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. सायकलला गाडीवान लागत नाही, ही गोष्ट म्हणूनच मला लहान वाटत नाही.

आणि रस्ता? संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीला ‘रस्ते’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. आम्ही मुलांना तो तलावाकाठी, हातात डबे असताना वाचून दाखवला. पुस्तकात वाचणे वेगळे आणि रस्त्यावर वाचणे वेगळे.

खिंडसीहून परत फिरून दुपारच्या आधी नगरधनची वाट धरली. डांबरी रस्ता सोडून आम्ही एका पांदणीत शिरलो. शहरात वाढलेल्या मुलांना हा शब्द माहीत नव्हता. पांदण म्हणजे शेताशेतांतून जाणारी गाडीवाट. २०२१ साली राज्य सरकारने मातोश्रींच्या नावाने शेत-पाणंद रस्त्यांची योजना आणली, कारण ठिकठिकाणी या वाटा शेजारच्या धुऱ्यात गिळल्या गेल्या आहेत. ज्याचे दोन एकर शेत मागे आहे त्याची वाट पुढच्याने अडवायची, हा गावातला जुना खेळ. वाट अडवणे बेकायदेशीर आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यान्वये तहसीलदाराकडे दाद मागता येते. आपल्यापैकी ज्यांची गावी शेती आहे त्यांनी हे कापून ठेवावे.

पांदणीच्या तोंडाशी एका गावात पाणी प्यायला थांबलो. ओट्यावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने पुढे असलेल्या मुलीला विचारले, “कोन्त्या गावचे व्हय तुमी?”

“नागपूरचे, आजोबा.”

“आडनाव काय?”

तिने आडनाव सांगितले. गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले. मग घरातून कळशी आली, पाणी वरून ओंजळीत ओतले गेले. आमच्या मुलीने ओंजळ पुढे केलीच नाही. “आमच्याकडे बाटल्या आहेत, त्यात भरून द्या,” म्हणाली. बाटल्या भरून मिळाल्या. वरून ओतणे ही त्या घराची सर्वांसाठीची रीत असेलही. मी ठरवू शकत नाही, आणि तीही पुढे त्यावर काही बोलली नाही. पण त्या दिवशी तिने सायकल सर्वांत पुढे चालवली.

नगरधन म्हणजे वाकाटकांचे नंदिवर्धन. तिथला किल्ला पाहून दुपारी मनसरला आलो. १९९८ पासून इथे जगत्पती जोशी व ए. के. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेने ते करविले. विटांची प्रचंड बांधकामे उजेडात आली. काही विद्वान याला दुसऱ्या प्रवरसेनाचे प्रवरपूर आणि तिथले शिवमंदिर मानतात, तर नागार्जुनाचे नाव या डोंगराशी आपल्या परंपरेने जोडले आहे. वाद विद्वानांनी करावा. आपण निदान जाऊन डोळ्यांनी विटा तरी पाहाव्यात.

आता थोडे कामाचे. महाग सायकल घेण्याची घाई करू नका. परदेशी ‘ग्रॅव्हल’ सायकलचा टायर बहुधा ३५ ते ५० मिलिमीटर रुंद असतो. आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलचा अठ्ठावीस-दीड इंची टायर सुमारे ४० मिलिमीटरचा, म्हणजे त्याच मापात बसतो! उणीव ब्रेकची. जुने दांड्याचे ब्रेक उतारावर धोका देतात, म्हणून तीव्र उतारावर खाली उतरावे. खडीवर हवा थोडी कमी ठेवली तर चाक कमी उडते. वळणावर ब्रेक दाबू नये, वळणाआधी वेग कमी करावा. आमच्यातला एक मुलगा हे विसरला आणि कोपर सोलून घेतले.

नागपूरच्या पश्चिमेला, कोंढाळी-काटोलकडे बेसाल्टचा खडक झिजून झालेला मुरूम आहे. पूर्वेला आणि उत्तरेला खडकाची जातच बदलते. मुरमाच्या वाटा पाऊस थांबला की लवकर निथळतात. पण काळ्या मातीची पांदण पावसात टाळावी, माती चाक आणि मडगार्ड यांत अशी गच्च बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम.

जंगलाबद्दल मात्र हट्ट नको. पेंच १९९९ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, आत परवान्याशिवाय शिरणे गुन्हा आहे. बाहेरच्या जंगलातही वाघ असतो, त्याला सीमेची पाटी वाचता येत नाही. वनरक्षकाला विचारून जावे, उन्हे वर आल्यावर निघावे, अंधारापूर्वी डांबरावर यावे, एकट्याने जाऊ नये. मोह पडण्याच्या दिवसांत अस्वले मोहाखाली येतात. मोह वेचणाऱ्या बाया तिथे रोज जातात, त्या पोटासाठी; आपण हौसेसाठी जातो, हा फरक लक्षात ठेवावा.

भगिनींसाठी एक शब्द. आमच्यासोबत आलेल्या एका ताईंनी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मुलीच्या सायकलवर, रात्री वस्तीतल्या मैदानात शिकायला सुरुवात केली होती. दिवसा लोक हसतील म्हणून रात्री. महिनाभर विहाराच्या मागच्या मातीत चकरा मारल्या, मग रामटेक. घरातले म्हणत होते, पडशील, कामाला कोण जाईल? पडल्या त्या एकदाच, पांदणीत, आणि उठून आधी सायकलची साखळी पाहिली. परतीच्या टेम्पोत त्यांनी आपली सायकल सगळ्यांत वर बांधायला लावली. नागपूर येईपर्यंत दोर नीट आहे ना, म्हणून सारख्या मागे वळून पाहत होत्या.